त्वक्‌काठिण्य, मर्यादित : निदानाचा इतिहास

त्वचा आणि तिच्याखालील संयोजी ऊतक (शरीराच्या निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या व आधार देणाऱ्या कोशिकांचा – पेशींचा – व तंतूंचा समूह) जाड व कठीण होणे, लहान रक्तवाहिन्या अरुंद होणे आणि रक्तात स्वतःच्याच कोशिकांविरुद्ध प्रतिपिंडे (रोगप्रतिकारासाठी निर्माण होणारी विशिष्ट प्रथिने) आढळणे, या तीन गोष्टी ज्या रोगात एकत्र येतात त्यास त्वक्‌काठिण्य म्हणतात. ‘कठीण’ व ‘त्वचा’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनलेले स्क्लेरोडर्मा हे त्याचे नाव वैद्यकात सर्वत्र रूढ आहे. त्याचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही. रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अनेक पटींनी अधिक आढळतो आणि बहुधा मध्यम वयात सुरू होतो. तो संसर्गजन्य नाही.

या रोगाचे दोन प्रमुख प्रकार मानतात. विसरित प्रकारात दंड, मांड्या, छाती व पोट यांवरील त्वचाही थोड्याच महिन्यांत कठीण होते आणि फुप्फुसे व वृक्क (मूत्रपिंडे) यांना लवकर इजा पोहोचते. मर्यादित प्रकारात त्वचेतील बदल बोटे, हात, कोपरापुढील बाहू, गुडघ्याखालील पाय व चेहरा एवढ्यापुरते राहतात आणि रोग वर्षानुवर्षे संथपणे चालतो. येथे एक खुलासा अवश्य आहे. मर्यादित त्वक्‌काठिण्य आणि स्थानिक त्वक्‌काठिण्य हे एक नव्हेत. स्थानिक प्रकारात त्वचेवर एखादा कठीण चट्टा किंवा पट्टा उमटतो, पण अंतर्गत इंद्रियांस सहसा इजा होत नाही. मर्यादित प्रकारात ‘मर्यादित’ हे विशेषण केवळ त्वचेस लागू आहे, रोगास नव्हे. या एका शब्दामुळे रुग्णांचा आणि काही वेळा वैद्यांचाही गैरसमज झालेला आहे. [→ त्वचा, संधिवात].

प्रारंभीची वर्णने : प्राचीन ग्रीक वैद्यकातील कठीण त्वचेच्या काही उल्लेखांत हा रोग शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत, परंतु एकदोन वाक्यांच्या वर्णनावरून असे निदान करणे धाडसाचे ठरेल. आयुर्वेदातील एखाद्या वातविकाराशी त्याची सांगड घालण्याबाबतही हेच म्हणता येईल. सविस्तर असे पहिले वर्णन नेपल्स येथील वैद्य कार्लो कुर्त्सिओ यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या सतरा वर्षांच्या रुग्ण मुलीची त्वचा लाकडासारखी ताठ झाली होती आणि तिला तोंड पुरेसे उघडता येत नव्हते. कोमट दूध व वाफ यांची स्नाने, रक्तमोक्षण आणि पारा असे उपचार झाल्यावर सु. अकरा महिन्यांत ती बरी झाली. नेमक्या याच कारणासाठी नंतरच्या अनेक अभ्यासकांनी तो रोग त्वक्‌काठिण्य नसून त्वचा तात्पुरती ताठरणारा दुसराच एखादा विकार असावा, असे मत दिले आहे. ज्या रुग्णापासून या रोगाचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे, त्या रुग्णाला बहुधा तो रोग झालाच नव्हता.

मिलानचे फान्तोनेत्ती यांनी १८३६ मध्ये स्क्लेरोडर्मा हा शब्द योजिला आणि १८४७ मध्ये फ्रान्समधील बॉर्दो येथील एली झँत्राक यांनी तो फ्रेंच रूपात एका निश्चित रोगासाठी वापरला. तेव्हापासून पुढील शंभर वर्षे हा त्वचेचा रोग समजला गेला. नावाने लक्ष त्वचेकडे वेधले आणि तेथेच खिळवून ठेवले. अन्न घशाखाली अडकणे, दम लागणे, बोटे थंडीत पांढरी पडणे या तक्रारींची नोंद होई, पण प्रत्येक तक्रार निराळ्या तज्ज्ञाच्या वहीत होई.

रेनो यांचा प्रबंध : मर्यादित प्रकाराचे सर्वांत आधी दिसणारे लक्षण त्वचेच्या काठिण्याशी संबंध नसलेल्या वाटेने वैद्यकात आले. मॉरिस रेनो (१८३४–८१) या फ्रेंच वैद्यांनी १८६२ मध्ये पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधात हातापायांची बोटे थंडीने किंवा मनःक्षोभाने एकाएकी रक्तहीन होणे व क्वचित त्यांना कोथ (ऊतकाचा मृत्यू होऊन ते कुजणे) होणे याची पंचवीस उदाहरणे दिली. बोटे प्रथम पांढरी, मग निळसर आणि रक्तप्रवाह परत आल्यावर लाल होतात. मेरुरज्जूतील मज्जाकेंद्रांच्या अतिक्षोभामुळे रक्तवाहिन्या आकुंचित होतात, अशी रेनो यांची उपपत्ती होती. टॉमस लुइस यांनी १९२९ मध्ये दोष बोटांतील रोहिण्यांमध्येच असल्याचे मत मांडले. तत्पूर्वीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लंडनचे जॉनथन हचिन्सन (१८२८–१९१३) यांनी हा एकच रोग नसून अनेक रोगांत दिसणारा आविष्कार आहे, असे प्रतिपादन केले होते.

हचिन्सन यांच्या या म्हणण्याचे महत्त्व व्यवहारात फार मोठे आहे. रेनो आविष्कार शंभरांतील तीन ते पाच व्यक्तींत दिसतो आणि त्यांपैकी बहुसंख्यांत तो निरुपद्रवी असतो. विशेषतः तरुण मुलींत तो सुरू होऊन आयुष्यभर तसाच राहू शकतो. मर्यादित त्वक्‌काठिण्य होणाऱ्या व्यक्तीतही आरंभी पाच-दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ हे एकच लक्षण असते. तेव्हा पांढऱ्या पडणाऱ्या बोटांच्या अनेक व्यक्तींतून ज्या थोड्यांना पुढे हा रोग व्हायचा आहे त्यांना वेळीच कसे ओळखावे, हा निदानाच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय. पुढील दीडशे वर्षांतील बहुतेक शोध याच प्रश्नाभोवती फिरतात.

विखुरलेली लक्षणे : पॅरिसचे तिबिएर्झ व व्हैसनबाख यांनी १९१० मध्ये बोटांच्या त्वचेखाली चुन्यासारख्या कठीण गाठी होणाऱ्या त्वक्‌काठिण्याच्या रुग्णांचे वर्णन केले. या गाठी कॅल्शियमाच्या लवणांच्या असतात. त्या कधी फुटतात आणि त्यांतून खडूच्या भुकटीसारखा पांढरा पदार्थ बाहेर पडतो. बूडापेस्टचे सेलाई यांनी १९३४ मध्ये हातापायांच्या टोकांपुरते राहणारे काठिण्य विसरित प्रकाराहून भिन्न मानावे असे सुचविले. बेरियमयुक्त पेय देऊन क्ष-किरण चित्रे घेता येऊ लागल्यावर ग्रसिकेचे (घशापासून जठरापर्यंत अन्न नेणाऱ्या नळीचे) खालचे दोन-तृतीयांश भाग निश्चल झालेले दिसू लागले. तेथील स्नायू दुर्बल झाल्याने कोरडा घास अडकतो आणि जठरातील आम्ल वर येऊन जळजळ होते.

हे सुटे धागे विणण्याच्या कामी विकृतिविज्ञांचा (रोगामुळे ऊतकांत होणाऱ्या बदलांच्या अभ्यासकांचा) वाटा मोठा होता. क्लेंपरर, पॉलॅक व बेअर यांनी १९४२ मध्ये न्यूयॉर्क येथून विसरित त्वक्‌काठिण्य हा सर्व शरीरातील कोलॅजेन तंतूंचा रोग असल्याची कल्पना मांडली. केपटाउन येथे काम करणारे रॉबर्ट गोट्स यांनी १९४५ मध्ये शवपरीक्षांच्या आधारे आतडी, फुप्फुसे, हृदय व वृक्क यांतील बदल दाखवून ‘वर्धिष्णू सर्वांगीण काठिण्य’ असे नवे नाव सुचविले. त्वचा हे रोगाचे केवळ दर्शनी दार आहे, ही जाणीव येथे पक्की झाली. ‘वर्धिष्णू’ हे विशेषण पुढे गळले, कारण सर्व रुग्णांत रोग वाढतच जातो असे नाही.

बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्झ रुग्णालयातील एक योगायोग येथे नोंदण्याजोगा आहे. विल्यम ऑस्लर (१८४९–१९१९) यांनी तेथे असताना १८९८ मध्ये विसरित त्वक्‌काठिण्याच्या निदानावर व अवटू ग्रंथीच्या अर्काने केलेल्या उपचारांवर निबंध लिहिला. १९०१ मध्ये त्यांनी चेहरा, ओठ व जीभ यांवर लाल ठिपके असणाऱ्या आणि वारंवार रक्तस्राव होणाऱ्या एका आनुवंशिक रोगाचे वर्णन केले. दोन्ही लेखांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, १९६४ मध्ये, त्याच संस्थेतील रिचर्ड विंटरबाउअर यांच्या ध्यानात आले की, ऑस्लर यांच्या आनुवंशिक रोगासारखे लाल ठिपके असणाऱ्या काही रुग्णांना तो रोग नसून त्यांच्यात आणखी तीन गोष्टी समान आहेत : त्वचेखालील कॅल्शियमाच्या गाठी, रेनो आविष्कार आणि बोटांच्या त्वचेचे काठिण्य. चार लक्षणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांनी या लक्षणसमूहास नाव दिले. पुढे ग्रसिकेचा बिघाड हे पाचवे लक्षण त्यात मिळविण्यात आले आणि ‘क्रेस्ट’ हे उच्चारास सुलभ नाव तयार झाले. मर्यादित प्रकाराचे हेच लोकप्रिय नाव होय.

नावाची सोय झाली, तशी अडचणही झाली. पाचही लक्षणे दिसल्याशिवाय निदान करू नये, असा समज काही ठिकाणी पसरला. वस्तुतः पाचही एकत्र येण्यास अनेक वर्षे लागतात आणि कित्येकांत ती कधीच एकत्र येत नाहीत. शिवाय या पाच आद्याक्षरांत फुप्फुसाला जागा नाही. या रोगात मृत्यू बहुधा फुप्फुसातील रक्तवाहिन्यांच्या किंवा ऊतकाच्या विकारामुळे ओढवतो. त्याचा उल्लेखच नसलेले हे नाव आज मागे पडत आहे, ते योग्यच म्हणावे लागेल.

नखाच्या मुळाशी : रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत हाती लागणारा सर्वांत स्वस्त पुरावा नखाच्या मुळाशी असतो. तेथील त्वचेच्या घडीत केशवाहिन्या (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या) पृष्ठभागाला समांतर असल्याने तेलाचा थेंब टाकून भिंगातून पाहिल्यास केसात खोवण्याच्या आकड्यांसारख्या ओळीने मांडलेल्या दिसतात. तेलाची ही युक्ती अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक वॉरन लंबर्ड यांनी १९१२ मध्ये वर्णिली. मेयो क्लिनिक या अमेरिकेतील संस्थेतील ब्राउन व ओलिअरी यांनी १९२५ मध्ये त्वक्‌काठिण्याच्या रुग्णांत हे आकडे फुगलेले व संख्येने कमी असल्याचे दाखविले. त्यानंतर या निरीक्षणाकडे जवळजवळ अर्धे शतक दुर्लक्ष झाले. १९७० नंतर हिल्डेगार्ड मारिक व एडवर्ड कार्विल ल रॉय यांनी ते पुन्हा हाती घेऊन त्याचे ठरावीक आकृतिबंध सांगितले : प्रचंड फुगलेले आकडे, लहानलहान रक्तस्राव आणि केशवाहिन्याच उरल्या नाहीत अशा मोकळ्या जागा. निरुपद्रवी रेनो आविष्कारात केशवाहिन्या बहुधा सुबक राहतात. या तपासणीसाठी खास सूक्ष्मदर्शक असल्यास उत्तम, परंतु डोळे तपासण्याच्या किंवा त्वचा तपासण्याच्या हातातील उपकरणानेही ठळक बदल दिसू शकतात.

रक्तातील साक्ष : माल्कम हारग्रेव्ह्ज यांनी १९४८ मध्ये दुसऱ्या एका आत्मप्रतिरक्षा रोगात (स्वतःच्या ऊतकांविरुद्ध प्रतिकारयंत्रणा उलटणाऱ्या रोगात) विशिष्ट कोशिका शोधून काढल्यावर अशा रोगांचा रक्तात माग घेण्याची दिशा मिळाली. अनुस्फुरण (विशिष्ट प्रकाश पडताच पदार्थाने दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणे) हा गुण असलेली रंगद्रव्ये प्रतिपिंडांना जोडण्याची पद्धत ॲल्बर्ट कून्झ यांनी १९४० नंतरच्या वर्षांत विकसित केली आणि १९५७ च्या सुमारास तिच्या साहाय्याने कोशिकेच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे दिसू लागली. काचपट्टीवरील कोशिकांवर रुग्णाचा रक्तरस (रक्त गोठल्यावर उरणारा निवळ द्रव) सोडतात. त्यातील प्रतिपिंडे केंद्रकाला चिकटली, तर केंद्रक हिरवे चमकते.

बरीच वर्षे या परीक्षेसाठी उंदीर-घुशींच्या यकृताचे किंवा वृक्काचे काप वापरीत. अशा ऊतकात विभाजन पावणाऱ्या कोशिका फार थोड्या असतात. प्रयोगशाळेत वाढविलेल्या, सतत विभाजन पावणाऱ्या मानवी कोशिका वापरात आल्यावर क्रेस्ट लक्षणसमूहाच्या रुग्णांच्या रक्तरसाने केंद्रकात बारीक, सुटेसुटे, मोजता येतील असे ठिपके उमटतात आणि विभाजनाच्या वेळी ते गुणसूत्रांबरोबर मध्यरेषेवर ओळीने उभे राहतात, असे दिसले. हे ठिपके गुणसूत्रांवरील सेंट्रोमिअरांचे होते. गुणसूत्राची दोन अर्धके जेथे जोडलेली असतात आणि विभाजनाच्या वेळी जेथे ओढणारे तंतू लागतात, त्या जागेस सेंट्रोमिअर म्हणतात. मोरोई, फ्रिट्झ्‌लर, टॅन व त्यांचे सहकारी यांनी हा शोध १९८० मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी क्रेस्ट लक्षणसमूह हा रक्तपरीक्षेनेही वेगळा ओळखता येणारा प्रकार असल्याचे फ्रिट्झ्‌लर व किन्सेला यांनी दाखविले. आधीच्या परीक्षेत हा पुरावा नव्हता असे नाही. तो दिसेल अशा कोशिका काचपट्टीवर नव्हत्या.

या शोधाचा उपयोग उलट दिशेनेही झाला. सेंट्रोमिअर कोणत्या प्रथिनांचे बनलेले असते हे तोवर ठाऊक नव्हते. अर्नशॉ व रॉथफील्ड यांनी १९८५ मध्ये त्वक्‌काठिण्याच्या रुग्णांचा रक्तरस वापरून अशी तीन प्रथिने ओळखली. जीवविज्ञानातील या मूलभूत ज्ञानाचा आरंभ रुग्णांच्या बिघडलेल्या प्रतिकारशक्तीपासून झाला. विसरित प्रकाराशी निगडित असलेल्या दुसऱ्या एका प्रतिपिंडाचा शोध १९७९ मध्ये लागला होता. ते डीएनए या आनुवंशिक द्रव्याचा पीळ सोडविणाऱ्या एंझाइमाविरुद्ध असते. हे प्रतिपिंड आढळल्यास फुप्फुसांचे तंत्वीभवन (लवचिक ऊतकाची जागा ताठ तंतूंनी घेणे) होण्याचा धोका अधिक असतो.

निकषांची दुरुस्ती : अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये या रोगाचे निकष जाहीर केले. बोटांच्या मूळसांध्यांच्या वर, म्हणजे मुठीच्या उंचवट्यांपलीकडे, त्वचा कठीण झालेली असणे हा प्रमुख निकष होता. तो नसल्यास बोटांचे काठिण्य, बोटांच्या टोकांवरील खड्ड्यांसारखे वण आणि दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी तंत्वीभवन यांपैकी दोन आवश्यक होते. यात रेनो आविष्कार नव्हता, केशवाहिन्या नव्हत्या, प्रतिपिंडेही नव्हती. परिणामी, मर्यादित प्रकाराचे कितीतरी रुग्ण निकषांच्या बाहेर राहिले. ल रॉय व इतर देशांतील सहकारी यांनी १९८८ मध्ये विसरित व मर्यादित अशी विभागणी रूढ केली आणि तीत नखाजवळील केशवाहिन्या व सेंट्रोमिअर-प्रतिपिंड यांना स्थान दिले.

अमेरिकन व यूरोपीय संघटनांनी मिळून २०१३ मध्ये गुणांकनाची पद्धत स्वीकारली. मूळसांध्यांपलीकडील काठिण्यास ९ गुण असून तेवढ्यावरच वर्गीकरण होते. एरवी सुजलेल्या बोटांस २ किंवा संपूर्ण बोटांच्या काठिण्यास ४, बोटांच्या टोकांवरील व्रणांस २ किंवा खड्ड्यांसारख्या वणांस ३, लाल ठिपक्यांस २, बिघडलेल्या केशवाहिन्यांस २, फुप्फुसविकारास २, रेनो आविष्कारास ३ व संबंधित प्रतिपिंडांस ३ असे गुण देतात आणि बेरीज ९ वा अधिक झाल्यास रोग असल्याचे धरतात. रेनो आविष्कार, सेंट्रोमिअर-प्रतिपिंड, लाल ठिपके व बिघडलेल्या केशवाहिन्या एवढेच असलेल्या स्त्रीची बेरीज १० होते. तिची त्वचा कोठेही कठीण नाही आणि १९८० च्या निकषांनुसार ती रुग्णच नव्हती. त्वचेवरून नाव पडलेल्या रोगाचे वर्गीकरण कठीण त्वचेवाचून होऊ शकते, येथपर्यंत विचार आला आहे. तथापि हे निकष संशोधनासाठी रुग्णांचे सारखे गट पाडता यावेत म्हणून आहेत. वैद्याला बेरीज ८ झाली म्हणून रुग्णास निर्धास्त करता येत नाही.

पांढऱ्या बोटांतून भावी रुग्ण निवडण्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर कॅनडातील माँट्रिऑल येथील एका दीर्घकालीन पाहणीने बऱ्याच अंशी दिले. केवळ रेनो आविष्कार असलेल्या ५८६ व्यक्तींचा वीस वर्षांपर्यंत मागोवा घेऊन २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरंभी केशवाहिन्या व प्रतिपिंडे ही दोन्ही सदोष असलेल्यांपैकी सु. ८० टक्के व्यक्तींना पुढे त्वक्‌काठिण्य झाले. दोन्ही निर्दोष असलेल्यांत हे प्रमाण २ टक्क्यांहून कमी होते. एक भिंग आणि एक रक्तपरीक्षा यांनी वर्षांचा प्रतीक्षाकाळ वाचू शकतो.

भारतातील निदानाच्या अडचणी : वरील वर्णने बहुतेक थंड देशांतील आणि गोऱ्या कातडीच्या रुग्णांवरून घडलेली आहेत. ती मुंबईत जशीच्या तशी लागू करताना चूक होते. विलेपार्ल्याला लागून असलेल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत जानेवारीतही किमान तापमान सरासरीने १५° से.च्या वर असते. तेथे थंडीने बोटे पांढरी पडतात का, या प्रश्नाला रुग्ण सहज ‘नाही’ असे उत्तर देतो. प्रश्न निराळा विचारावा लागतो : शीतकपाटातून भाजी काढताना, पहाटे नळाखाली भांडी घासताना, वातानुकूलित कचेरीत बसल्यावर किंवा पावसात भिजल्यावर बोटे बधिर होऊन रंग बदलतात का? सावळ्या त्वचेवर पांढरा-निळा-लाल हा क्रम स्पष्ट उमटत नाही. तळवे व नखे पाहिल्यास तो कळतो. लाल ठिपकेही सावळ्या कातडीवर लपतात. ते ओठांच्या आतील बाजूस, जिभेवर व तळहातांवर शोधावे लागतात. याउलट, केसांच्या मुळांभोवतीचा रंग टिकून मधली त्वचा पांढरी पडल्याने होणारी मीठ-मिरी विखुरल्यासारखी चित्रविचित्र त्वचा भारतीय रुग्णांत ठळक दिसते आणि तिला कोड समजले जाते.

याहून गंभीर गोंधळ कुष्ठरोगाशी होतो. आखडलेली बोटे, टोकांवरील न भरणारे व्रण आणि झिजून आखूड झालेली अग्रपेरे ही तिन्ही चिन्हे दोन्ही रोगांत आढळतात. मुंबईत वडाळा येथील ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाची स्थापना १८९० मध्ये झाली; तेव्हापासून, किंबहुना त्याहीपूर्वीपासून, महाराष्ट्रात झडलेल्या बोटांचा अर्थ समाजाने एकच लावलेला आहे. अशा वेळी निदानातील चूक केवळ औषधाची राहत नाही. तिच्यामुळे रुग्णाचे घर, विवाह आणि नोकरी यांवर गदा येऊ शकते. वास्तविक दोहोंतील भेद बिछान्याजवळच करता येतो. कुष्ठरोगात तंत्रिका (मज्जातंतू) जाड होतात आणि स्पर्श, वेदना व उष्णता यांची जाणीव जाते. त्वक्‌काठिण्यात जाणीव शाबूत असते, व्रण अतिशय दुखतात आणि कोपराजवळील तंत्रिका हाताला जाड लागत नाही. शंका राहिल्यास जीवोतक परीक्षा (जिवंत शरीरातून ऊतकाचा तुकडा काढून केलेली सूक्ष्मदर्शकीय तपासणी) करतात. कुष्ठरोग आता औषधांनी पूर्ण बरा होतो, हे खरे. परंतु ज्याला तो झालेलाच नाही त्याने तो शिक्का का वाहावा? [→ कुष्ठरोग].

तोंड कमी उघडणे हे तिसरे फसवे चिन्ह आहे. सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने तोंडातील आतले अस्तर तंतुमय व ताठ होते. या विकाराला त्याचे आजचे नाव मुंबईचे जोशी यांनी १९५३ मध्ये दिले. त्यात दोष तोंडाच्या आत असतो. गाल आतून पांढरट व चिवट लागतात आणि तिखट सोसत नाही. त्वक्‌काठिण्यात ओठांभोवतीची बाहेरची त्वचा आवळते, तोंडाभोवती उभ्या सुरकुत्या पडतात व नाक टोकदार दिसते. एकाच रुग्णात दोन्ही असणे अशक्य नाही.

भारतात हा रोग किती जणांना आहे, याचा अंदाज लोकवस्तीच्या पाहण्यांवरून करणे कठीण आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये संधिवाती विकारांची मोठी पाहणी झाली. तीत सु. चार हजार प्रौढांची तपासणी झाली आणि आमवाती संधिशोथाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाले. लाखांत थोड्यांना होणारा रोग एवढ्या जाळ्यात सापडेलच असे नाही. उपलब्ध माहिती मोठ्या रुग्णालयांतील रुग्णांवर आधारलेली असून तेथे गंभीर, म्हणजे बहुधा विसरित प्रकाराचे, रुग्ण अधिक येतात. मर्यादित प्रकाराची स्त्री छातीतल्या जळजळीसाठी एका दवाखान्यात, बोटांच्या व्रणांसाठी दुसऱ्या आणि खोकल्यासाठी तिसऱ्या दवाखान्यात जात राहते. त्यातच गोऱ्या वंशाच्या रुग्णांपेक्षा इतर वंशांत सेंट्रोमिअर-प्रतिपिंड कमी वेळा आढळते. त्यामुळे ते न मिळाल्यास रोग नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

व्यवसायाची चौकशीही टाळू नये. एडिंबरोचे बायरम ब्रॅमवेल यांनी १९१४ मध्ये पाथरवटांत आणि इरॅस्मस यांनी १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांत या रोगाचे प्रमाण अधिक असल्याचे निदर्शनास आणले. सिलिकायुक्त धूळ हे त्याचे कारण असावे. दगडखाणी व दगडफोडीचे कारखाने यांतील पुरुष कामगाराची बोटे ताठ होऊ लागल्यास हे ध्यानात ठेवावे लागते.

निदानानंतर : मर्यादित प्रकारातील सर्वांत घातक गुंतागुंत बहुधा दहा वर्षांनंतर, रुग्ण रोगाला सरावल्यावर उद्भवते. फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या लहान रोहिण्यांच्या भित्ती जाड होऊन त्यांतील रक्तदाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या भागावर ताण पडतो. यास फुप्फुस-रोहिणी अतिरक्तदाब म्हणतात. त्वक्‌काठिण्याच्या दर दहा रुग्णांमागे सु. एकास तो होतो. हाताच्या दंडावर मोजला जाणारा रक्तदाब मात्र नेहमीसारखाच असतो. पहिली तक्रार क्षुल्लक वाटते : रेल्वेच्या पुलाचा जिना चढताना पूर्वी लागत नसे एवढा दम लागतो. वय, वजन किंवा पंडुरोग (रक्तक्षय) यांवर बोट ठेवून ती बाजूला सारली जाते. म्हणून तक्रार नसतानाही दरवर्षी श्राव्यातीत ध्वनितरंगांनी हृदयाची तपासणी (इको) आणि फुप्फुसांतून रक्तात वायू किती शिरतो याचे मापन करण्याची शिफारस आहे. संशय आल्यास हृदयाच्या उजव्या भागात बारीक नळी घालून दाब प्रत्यक्ष मोजतात. हा सरासरी दाब पाऱ्याच्या २५ मिमी. एवढा वा अधिक असल्यास विकार आहे असे पूर्वी समजत. २०२२ मधील यूरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही सीमा २० मिमी.च्या वर अशी खाली आणली आहे.

रोग समूळ नाहीसा करणारे औषध नाही. निफेडिपीनसारख्या कॅल्शियमरोधक औषधांनी बोटांतील रक्तप्रवाह सुधारतो, आम्लनिर्मिती रोखणाऱ्या औषधांनी ग्रसिकेचे रक्षण होते आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून फुप्फुस-रोहिण्या रुंदावणारी औषधे उपलब्ध झाली आहेत. त्यांपैकी बोसेंटन या औषधास अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधे दाब फार वाढण्यापूर्वी सुरू केल्यास अधिक उपयोगी पडतात. आवश्यक त्या बहुतेक तपासण्या मुंबईतील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत होऊ शकतात. पश्चिम उपनगरांतील रुग्णांना विलेपार्ले येथील महानगरपालिकेचे कूपर रुग्णालय जवळ आहे. तेथे २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालयही चालते. तेथवर पोहोचण्याआधीचा टप्पा मात्र वस्तीतील सामान्य वैद्याच्या हाती असतो. छातीतील जळजळीसाठी आलेल्या बाईची बोटे हातात घेऊन पाहण्यास, नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकण्यास आणि तिला पहाटेच्या गार पाण्याविषयी विचारण्यास काही मिनिटे पुरतात.